पूर्वार्धावरची पदवी

राजुरीत एक वाचनालय आहे आणि त्या वाचनालयाची एक रीत आहे. वर्धापनदिनाला ज्याचा सत्कार, त्यानं शाल अंगावर पडायच्या आधी एक पुस्तक सांगायचं. हातात कागद घ्यायचा नाही. वाचलेलं जसं मनात उरलंय, तसं सांगायचं.

यंदाचा मान वैजयंतीचा होता. मराठीत एम.ए., पहिला वर्ग, आणि नुकतीच ज्युनियर कॉलेजात पक्की नोकरी. सासरे गेणभाऊ नवा फेटा बांधून पहिल्या रांगेत बसले होते आणि शेजारी कोण बसलंय हे न बघताच सांगत होते, "आमची सून. येमे हाय राव, येमे!"

माईकसमोर उभी राहताना वैजयंतीला घाम फुटला होता, तो भाषणाच्या भीतीनं नव्हे. एवढ्या वर्षांत तिनं एकही पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं नव्हतं. खोटं वाटेल, पण खरं आहे. कॉलेजात सर नोट्स सांगायचे, पोरी उतरवून घ्यायच्या. परीक्षा जवळ आली की स्टँडासमोरच्या दुकानातून गाइड आणायचं. नाटकात विंगेत उभा राहून कुणी वाक्यं पुरवतो ना, तसं ते गाइड. नटीला पाठांतर नसलं तरी प्रयोग उभा राहतो, टाळ्या पडतात. वैजयंतीला टाळ्यांच्या जागी मार्क पडत गेले. विंगेतला माणूस नसेल त्या दिवशी काय करायचं, हे तिला कुणी विचारलं नाही, आणि तिनंही स्वतःला विचारलं नाही.

तिनं एम.ए.ला लावलेली एक जाडजूड कादंबरी निवडली. नवऱ्याच्या मारझोडीला कंटाळून लेकीला घेऊन घराबाहेर पडलेल्या बाईची गोष्ट. आवाज चांगला, शब्द स्वच्छ. सांगितलं असं, की सभा गप्प झाली. बाई मुलीला घेऊन नदीकाठी होडीची वाट बघत उभी आहे, इथवर ती आली आणि थांबली. कारण अभ्यासक्रमाला पूर्वार्धच होता. गाइडही तिथंच संपलं होतं.

मागच्या रांगेतून आवाज आला, "मग पुढं काय झालं तिचं?"

विचारणारी नूतन होती, वैजयंतीची धाकटी नणंद. नवऱ्याच्या हातचा मार खाऊन ती दिवाळीपासून माहेरी येऊन राहिली होती.

वैजयंती बोलून गेली, "परत गेली. नवऱ्याला पश्चात्ताप झाला होता. पुढं सुखानं नांदली."

टाळ्या पडल्या. शाल अंगावर आली.

चार-दोन दिवसांनी दुपारी वैजयंती कॉलेजातून आली, तर नूतन कपड्यांच्या घड्या घालून बॅगेत भरत होती.

"कुठं निघालीस?"

"कळंबला, सासरी. त्यास्नी फोन केला व्हता. या म्हन्ले." नूतन हसली. पुष्कळ दिवसांनी हसली होती. "वैनी, ती बाई नदीपातूर जाऊन माघारी फिरली, मग मला काय झालंय? संध्याकाळच्या गाडीनं जाते. आबा आळेफाट्यावर सोडत्यात."

त्या बाईचं पुढं खरं काय झालं, हे वैजयंतीलाच ठाऊक नव्हतं. तशीच उलट्या पावली ती वाचनालयात गेली. ग्रंथपाल चांगदेवनं कादंबरी काढून दिली. "बाई, तुमची तर पाठ आसंल की ही!" असंही म्हणाला बिचारा, कौतुकानं.

पुस्तकाच्या पूर्वार्धात ओळीओळीखाली पेन्सिली फिरल्या होत्या. 'महत्त्वाचे', 'येऊ शकते', फुल्या, चांदण्या. मधल्या एका पानावर हे सगळं थांबलं होतं. पुढची पानं कोरी करकरीत, हात न लागलेली. वैजयंती बाकावर बसून तिथून पुढं भराभर वाचत गेली. ती बाई परत गेलीच नव्हती. होडीतून पलीकडं उतरली, एका वसतिगृहात पोळ्या लाटायला लागली, लेकीशी भांडली, आजारी पडली, उठली. कधीकधी नवऱ्याची आठवण काढून रडलीसुद्धा. सुखी झाली का? लिहिणाऱ्यानं तसं म्हटलं नव्हतं.

वैजयंतीचे डोळे भरून आले. हिच्यावर मी पंधरा मार्कांचं उत्तर लिहिलं, हिचे स्वभावविशेष लिहिले, आणि हिला कधी भेटलेच नाही. उद्या वर्गात साठ पोरं समोर बसतील, त्यांनाही मी असंच शिकवणार होते. तोंड कुठं लपवावं, हे तिला कळेना.

पुस्तक घेऊन घरी आली तेव्हा गेणभाऊंनी मोटारसायकल चालू केली होती आणि नूतन बॅग घेऊन पायरी उतरत होती.

"नूतन, थांब. मी खोटं सांगितलं. ती परत गेली नव्हती."

"म्हंजी?"

"मी ते पुस्तक वाचलंच नव्हतं. आज वाचलं. अर्धंच."

गेणभाऊंनी गाडी बंद केली. "आगं, येमेला व्हतं ना ते?"

"होतं, आबा. मी गाइड वाचून पास झाले. सगळ्याच विषयांत."

म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढून झटकली आणि पुन्हा घातली. त्यापेक्षा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं वैजयंतीला झालं.

नूतन बोलली ती हळू आवाजात. "मी तुझ्या शब्दावर निघाले व्हते, वैनी. तिथं मला त्यानं पुन्हा तुडवली आसती तर?"

वैजयंतीची मान वर होईना. "खरं काय झालं, ते सांगते," ती कशीबशी म्हणाली.

"तू नगं सांगू." नूतननं तिच्या हातातलं पुस्तक ओढून घेतलं. "सांगितल्यालं लई ऐकलं. आयनं सांगितलं, सासूनं सांगितलं, तू सांगितलं. आता मला वाचू दे."

ती तिथंच पायरीवर बसली, बॅग शेजारी. ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत, पहिल्या पानापासून. गाडीची वेळ निघून गेली. गेणभाऊंनी मोटारसायकल गोठ्याकडं लावली आणि धारा काढायला गेले. वैजयंती चुलीपाशी गेली नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, शिक्षा झालेल्या पोरीसारखी.

बऱ्याच वेळानं नूतननं मान वर न करता विचारलं, "वैनी, 'निर्वेध' म्हंजी काय?"

वैजयंतीनं तोंड उघडलं. काहीतरी ठोकून द्यायची सवय जिभेवर आली होती. ती गिळून वैजयंती म्हणाली, "मला येत नाही गं. शब्दकोशात बघावं लागेल."

"मग बघ की," नूतन म्हणाली, आणि पान उलटलं.