मिटलेली कार्नेशन

इंदू गेल्याचं तिच्या मुलानं फोनवर सांगितलं, तेव्हा कुसगावच्या घरात मी केळ्यांची फणी फुलदाणीपासून लांब नेऊन ठेवत होते. ही सवय तिचीच. फोन ठेवला. रडू आलं नाही. या वयात रडायलाही अंगात जोर लागतो.

तिसेक वर्षांपूर्वी पवनेकडच्या एका पॉलिहाऊसवर मी सुपरवायझर म्हणून लागले. बीएस्सी बॉटनी, कडक इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स आणि डोक्यात वारं. पिकल्या फळातून सुटणारं, कच्चं फळ पिकवणारं, पान गाळणारं, फूल कोमेजवणारं वायुरूप संप्रेरक म्हणजे इथिलीन, ही व्याख्या झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवली असती. इंदू तिकोणा पेठेच्या वरच्या वाडीतली, माझ्याच वयाची, कार्नेशनच्या फुलांच्या जुड्या बांधायची. एका शनिवारी माहेरून पिकल्या आंब्यांची पेटी कामावरच आली. एसटीनं घरी न्यायचा कंटाळा, म्हणून मी ती पॅकिंगच्या खोलीत फुलांच्या बादल्यांशेजारी सरकवली. इंदू म्हणाली, "ताई, आंबं हितं नगं. फुलं झोपत्यात." मी म्हणाले, "का गं, आंबे अंगाई गातात?" स्वतःच्याच विनोदावर हसत मी कुलूप लावलं.

सोमवारी दार उघडलं, तर सगळ्या पाकळ्या आत वळून मिटलेल्या. एका लग्नाच्या मंडपाचा सगळा माल होता तो. मालकांनी विचारलं, पेटी कुणाची? व्याख्या मला तेव्हा आठवली; मी वहीत मान घातली. इंदू पुढं झाली. "म्या ठेवली, साहेब. चुकलं." तिची जुड्यांची जागा गेली, वर्षभर उन्हात तण खुरपत होती. मी सावलीत, हातात वही.

जेवणाच्या सुट्टीत विचारलं, का केलंस असं? भाकरी मोडत म्हणाली, "खुरपं काय, मला कुटंबी हाये. तुमची नोकरी गेल्याव सासऱ्यानं तुमाला परत भाईर सोडलं असतं व्हय?" मग हसली. "आन् अढीत कच्च्यांत एक पिकला ठिवतो आमी, त्यो काय बाकीच्यांस्नी गोष्टी सांगाया न्हाई."

म्हणजे तिला माझ्याआधीच सगळं ठाऊक होतं. मला फक्त त्याचं नाव ठाऊक होतं. पुढं आम्ही मैत्रिणी झालो, एकमेकींच्या घरची बाळंतपणं काढली. पण मालकांना खरं सांगणं आज, उद्या करत राहिलंच. मालक वारले. आता इंदू...

तेराव्याला आंबे घेऊन गेले. फोटोपुढं मुलानं कार्नेशन ठेवली होती. सुनेनं आंबे ताटात काढून अगदी त्यांना खेटून मांडले. मी गुडघे धरत उठले, ताट उचललं आणि खिडकीत नेऊन ठेवलं. खोलीतली माणसं बघत राहिली. दारातून कुणा म्हाताऱ्यानं विचारलं, "आंबं कुणाचं हायेत?"

"माझे," मी म्हणाले.