बिब्यानं नेलेली भुवई

माझी डावी भुवई बिब्यानं नेली. ज्यांनी कधी बिबा फोडला नाही त्यांना सांगते. बिबा म्हणजे काळं, चपटं रानातलं फळ. आत गोडंबी असते, जी तुम्ही डिंकाच्या लाडवात घालता, आणि भोवतीच्या टरफलात असं तेल असतं की कातडीला लागलं की फोड येतात. आमच्याकडे म्हणतात, बिबा उतला. आम्ही बाया हाताला राख चोळून बसायचो. दगडावर बिबा ठेवायचा, वरून दुसरा दगड हाणायचा. एक दिवस चिळकांडी उडाली ती थेट डोळ्याच्या वर. डोळा वाचला. भुवईच्या जागी आठ दिवस पाणी वाहिलं, मग खपली धरली, आणि खपलीखालून चकचकीत कातडी निघाली. तिथं पुन्हा केस उगवलाच नाही.

ते दिवस कापसानं तोंड फिरवल्याचे होते. अकोटच्या आसपास ज्या बायांना वेचणी पुरत नव्हती त्या बिबे फोडत होत्या. आणि शहरातून गाड्या भरून माणसं यायची, आमचं दुःख लिहून न्यायला. त्यात एक फोटोवाला आला. माझ्याकडे पाहून म्हणाला, "मावशी, तुमच्या चेहऱ्यात सगळं दिसतं."

मी म्हटलं, "बिबा उडला हाय बाप्पा, बाकी काही नाई."

त्यानं कुठं ऐकलं. काही दिवसांनी आमचा बुढा अकोटहून पेपर घेऊन आला, माझ्यापुढे टाकला आणि म्हणाला, "हे पाय, मी मेलो."

फोटोखाली छापलं होतं, धनी गमावलेली बाई. आणि धनी समोर बसून चहा मागत होता.

हसलो आम्ही, पोट धरून हसलो. पण एक भुवई नसली की बाईचं तोंड रडून आल्यासारखं दिसतं, आणि मग लोक तिला काही विचारत नाहीत, आपलं आपणच ठरवून टाकतात. दवाखान्यात, लग्नात, रेशनच्या दुकानात, सगळीकडे मी बिचारी. मी पेन्सिलनं भुवई काढायची, तर दुपारपर्यंत घामानं ती गालावर उतरायची. बरं, बुढा खरंच गेला तेव्हा तर बायांनी ती पेन्सिलही काढून ठेवायला सांगितली. मी ठेवली नाही.

म्हणून सुनेनं अमरावतीहून फोन केला, की आई, इथं एक मुलगी भुवया कोरून देते, दीड-दोन वर्षं टिकतात, तेव्हा मी दुसरं काही विचारलं नाही. अकोटहून एसटी पकडली.

ती मुलगी अचलपूरची, मुसलमान घरातली, डोक्यावरून ओढणी घट्ट बांधलेली. माझ्या हनुवटीला धरून तिनं तोंड उजेडाकडे फिरवलं आणि विचारलं, "आजी, ये जला कैसे?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मग आज काही करणार नाही. आधी कानामागं रंग लावून पाहू. उतला तर?"

कानामागं रंग लावला. चार दिवस सुनेकडे राहिले. उतला नाही.

मग तिनं कागदावर तीन भुवया काढून दाखवल्या. पहिली केसाकेसाची, बारीक पात्यानं केसाएवढ्या चिरा पाडून त्यांत रंग भरायचा. दुसरी पावडरची, मशीनच्या सुईनं ठिपके ठिपके देत जायचं. तिसरी दोन्ही मिळून.

सून म्हणाली, "आई, केसाचीच घ्या. अगदी खरी वाटते, कोणाला कळणारसुद्धा नाही."

मुलगी कागदाकडेच पाहत राहिली. मी म्हटलं, "तू बोल व. काहून गप झाली?"

"आजी, जळलेल्या चामडीवर चीर टिकत नाही. रंग आतून पसरतो. महिन्याभरात केस एकमेकांत मिसळून निळसर डाग होईल, आणि तो डाग काढणं माझ्या हातात नाही. पावडर बसेल. पण ती काढलेली दिसते, ते मी आधीच सांगते."

"तेच तर," सून म्हणाली. "लोक म्हणतील, म्हातारीनं रंगवून घेतलं."

आता सून माझी वाईट नाही. तिला मला लोकांच्या बोलण्यातून वाचवायचं होतं. पण मी त्या खुर्चीवर बसल्या बसल्या विचार केला, की आपण लपवून राहिलो तरी काय? बिबा मी चोरून फोडला नव्हता. त्या गोडंबीवर हिचा नवरा शिकला. अन् कळू नये म्हणून खरी वाटणारी भुवई घ्यायची, आणि उद्या तिथं निळा डाग घेऊन फिरायचं?

मी म्हटलं, "पावडर कर."

"मग उजवीलाही थोडी देते, जोडी जमेल."

"उजवी माही हाय. तिले हात नको लावू."

मुलगी हसली. म्हणाली, "माझ्या घरीही म्हणतात, ये क्या काम पकडा तूने."

"मंग तू काय म्हणते?"

"काम आहे म्हणते." आणि तिनं सुई लावली. दुखलं. चकचकीत कातडीवर जास्तच दुखलं.

दहा दिवस तोंडावर पाणी नाही, ऊन नाही, बिब्याजवळ बसायचं नाही. गावात बातमी माझ्याआधी पोचली होती. भातकुलीहून नणंद आली, दारातच उभी राहिली.

"वयनी, ह्या वयात? कोणाले दाखवाचं हाय?"

"तुले. भातकुलीहून पाहालेच आली ना?"

ती बसली, चहा प्याली, आणि जाताना हळूच तिच्या विरळ भुवयांवरून बोट फिरवत म्हणाली, "मले चालन का?" मी म्हटलं, त्या मुलीला विचार, मी काही डॉक्टर नाही.

खपली पडली तेव्हा मात्र माझा धीर सुटला. मधला रुपयाएवढा रंग खपलीबरोबर निघून गेला होता. सून फोनवर म्हणाली, "आई, राहू द्या आता. झालं तेवढं पुरे." मी दीड महिना थांबले, आणि एकटी एसटीत बसले.

मुलीनं पाहिलं. म्हणाली, "कातडी हट्टी आहे. आता फिक्का रंग देऊ का? म्हणजे गेला तरी डोळ्यावर येणार नाही."

"गडद कर."

तिनं केला. आरशात पाहिलं. उजवी भुवई पांढरी होत चाललेली, डावी काळीभोर. जोडी जमत नव्हती, ते आंधळ्यालाही दिसलं असतं. मुलगी माझ्या तोंडाकडे पाहत उभी, हातात कापूस.

"चांगली हाय," मी म्हटलं.

परतीच्या गाडीत कंडक्टर माझ्याकडे पाहून पुढे गेला, मग त्यानं मागे वळून पुन्हा पाहिलं. मीही त्याच्याकडे पाहतच राहिले, तो तिकीट द्यायला येईपर्यंत.