मामांची भरणी

माझ्या बायकोच्या मामांइतका अस्वस्थ माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. दोन घास खाल्ले की उठले, दारात जाऊन खाडी बघून आले. चहा अर्धा, गप्पा अर्ध्या. आमच्या कळव्याच्या घरी आले तर तिसऱ्या मजल्यावरच्या मोरीतही वाकून विचारतात, "इथनं पानी वर येतं का?" अहो मामा, इथं नळाला पाणी आलं तरी आम्ही पेढे वाटतो!

पण त्यांचं तरी काय चुकलं? डोंबिवलीपलीकडं अगदी खाडीकाठी त्यांचं गाव. बांध फुटला, कुणी पुन्हा घातला नाही, आणि खारं पाणी शेतात शिरलं ते शिरलंच. भात पिकायचं तिथं आता तिवरं माजलीत. जमीनही हळूहळू खाली बसतेय, त्यामुळं मोठ्या भरतीला पाणी थेट घरात. यावर मामांचा एकच उपाय, भरणी. विटांचे तुकडे आणि माती टाकून घरातली जमीन उंच करायची, वर कोबा करायचा. जमीन वर येत गेली, छप्पर होतं तिथंच राहिलं. पंखा केव्हाच काढला. खिडकी गुडघ्याशी आली. पाहुण्याचं कपाळ तुळईवर आपटल्याशिवाय पाहुणचार सुरू होत नाही. मामा स्वतः चांगले उंच, ते घरभर वाकून फिरतात.

"मामा, छप्पर वर घ्या की," मी एकदा म्हटलं.

"भितीवर भार परला का घर आजून बसंल, जावय."

"आणि भरणीचा भार नाही पडत?"

झालं! मामा ताट तसंच सोडून दारात खाडी बघायला गेले.

टिटवाळ्याची लेक त्यांना कधीची राहायला बोलावतेय. मामी एका पायावर तयार, पण नवऱ्याला सोडून जाणार नाहीत. आणि मामा हटायचं नाव घेत नाहीत. "घर सोरलं का खाडी बोलंल, हारला."

"खाडीला तुमच्याबिगर दुसरं काम नाय?" मामी फणकारतात.

यंदाही कोब्यावर पाणी चढलं. ओसरल्यावर मामांनी लगेच गवंडी बोलावला. मी तिथंच होतो. मामी भाकऱ्या भाजत होत्या. "जरा इथं उबी रा गो," मामा म्हणाले. मामी बुटक्या, त्या घरात ताठ उभं राहू शकणारं ते एकच माणूस. मामांनी त्यांच्या डोक्यावर तळहात आडवा ठेवला. हाताच्या वरच्या बाजूला तुळई टेकली.

"अवो, झालं का? भाकर करपतेय."

मामांनी हात काढला आणि गवंड्याला म्हणाले, "जा तू. आता भरलं तं हिला वाकाया लागंल."

मग माझ्याकडं वळून, "जावय, पोरीला फोन लावा. येताव म्हनून सांगा."

मला फोनवर नाव सापडेना. आणि जायला एका पायावर तयार असलेल्या आमच्या मामी हातात चिमटा धरून रडायला लागल्या. भाकरी करपली. मामा त्यांच्याशेजारी बसले, ते गवंडी निघून गेला तरी उठले नाहीत.