दोन पाळ्यांचं घर आणि अवकाशयान

भिवंडीच्या सकाळीला सुताच्या खळीचा एक आंबूस, उबट वास असे. आश्विनातलं कोवळं ऊन एस.टी. स्टँडच्या पत्र्यांवरून खाली उतरू लागलं की तो वास त्या उन्हालाच येतो असं वाटे. त्या उन्हातून माझे यजमान समोरून चालत येत, केसांत कापसाचे तंतू आणि डोळ्यांत रात्रभराची लाली. ते लूमच्या कारखान्यात रात्रपाळीचे सुपरवायझर आणि मी अकलोलीच्या शाळेत विज्ञान शिकवणारी. त्यांची ड्युटी सुटायची नि माझी गाडी लागायची, तेवढ्या अवधीत आम्ही एकेक कटिंग चहा घेत असू; माझ्या दिवसातला तो पहिला आणि त्यांच्या दिवसातला शेवटचा. संध्याकाळी मी घरी पोचेपर्यंत हे डबा घेऊन निघालेले असत. कारखान्याची सुट्टी शुक्रवारी, शाळेची रविवारी. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि खरं सांगते, त्या चहाची मला रात्रीपासून ओढ लागे.

सासूबाईंना हे मुळीच पसंत नव्हतं. "एक उठतो तेव्हा दुसरं निजतं, याला काय संसार म्हणायचं?" असं त्या येता-जाता म्हणत, आणि दिवाळी झाली की मी राजीनामा द्यावा, असं त्यांनी सांगूनही टाकलं होतं. हे आईपुढे मूग गिळून गप्प. माझा मात्र त्या शाळेवर, भातखाचरांच्या बांधावरून धावत येणाऱ्या चिखलपायी पोरांवर जीव जडला होता. नोकरी सोडायची कल्पनाही करवत नव्हती. पण हार मानणं माझ्या स्वभावात नाही, आणि वेळापत्रक आखणं तर माझ्या डाव्या हातचा मळ!

अशातच शाळेत येणाऱ्या एका मासिकात अवकाशयानात राहणाऱ्या माणसांच्या पाळ्यांविषयी लेख वाचला आणि मला हत्तीचं बळ आलं. पृथ्वीभोवती वेगानं फिरणाऱ्या त्या यानात दीड-दीड तासानं सूर्य उगवतो नि मावळतो. तेव्हा त्याच्या भरवशावर कुणी उठायचं नि निजायचं? म्हणून तिथली माणसं आपला दिवस आणि आपली रात्र आपणच नेमून घेतात. काही मोहिमांत त्यांचे दोन चमू असतात. एक प्रयोगांत गुंतलेला असतो, तेव्हा दुसरा कपाटाएवढ्या खणांत शिरून, तरंगत जाऊ नये म्हणून स्वतःला पट्ट्यांनी बांधून, शांत झोपतो. पाळी बदलताना थोडा वेळ सगळेच जागे असतात. कुठलं यंत्र कुरकुरतंय, कशावर नजर ठेवायची, ते एकमेकांना सांगतात. अगदी आमच्या मागांसारखंच की! घरी निघालेला कारागीरही माग थांबवत नाही; बदली माणूस येऊन उभा राहिला की कुठला धागा सारखा तुटतोय तेवढं सांगतो आणि चालता माग त्याच्या हाती देतो. मग आमचा स्टँडवरचा चहा म्हणजे दुसरं काय होतं? दिवस-रात्र ही आभाळातली गोष्ट खरी, पण माणसांना ती आपसांत ठरवूनही घेता येते, या विचारानं मी गाडीत एकटीच हसले.

त्या संध्याकाळी सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी तो लेख त्यांना मोठ्या उत्साहानं वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत मन लावून ऐकला.

"छान आहे गं," त्या म्हणाल्या. "पण त्या दोन्ही पाळ्यांना जेवायला कोण वाढतं?"

"ज्याचं तो घेतो, आई. तयार पाकिटं असतात."

"मग जमणारच त्यांचं! इथं पहाटे तुझा डबा, तू गेलीस की त्याचं जेवण, तो निजला की भांडं वाजू द्यायचं नाही, संध्याकाळी त्याचा डबा, रात्री तुझं ताट. सूनबाई, माझी पाळी कुठली ते सांग ना."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. मला वाटलं होतं, त्यांना आमच्या संसाराची काळजी आहे. ती होतीच, पण त्याआधी त्या दमल्या होत्या. मला भरून आलं. पण रडत बसून कुणाची विश्रांती होते? वेळापत्रक चुकलं असेल तर ते बदलायचं.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना मी यांना सगळं सांगितलं. ग्लास संपवून हे म्हणाले, "उद्यापासून माझी भाकरी मी थापतो." पहिली भाकरी तव्याला अशी चिकटली की उलथनं वाकलं. "अरे देवा, पुरुषानं चुलीशी बसायचं!" म्हणत सासूबाई दारात घुटमळल्या, पण आत आल्या नाहीत. माझा डबा मी करू लागले. शुक्रवारची रात्र सुट्टीची, म्हणून शनिवारी हे ताजेतवाने घरी असत; तो दिवस सासूबाईंच्या सुट्टीचा ठरला.

दिवाळी झाली. राजीनाम्याचं कुणी बोलेना, आणि न बोललेली गोष्ट मला अधिकच टोचू लागली. त्यानंतरच्या एका शनिवारी बघते तर सासूबाई नवं लुगडं नेसून, हातात पिशवी घेऊन माझ्याआधी उंबऱ्याबाहेर! "मला तुझ्या अकलोलीचं गरम पाण्याचं कुंड बघायचंय," एवढंच म्हणाल्या आणि माझ्याबरोबर गाडीत बसल्या.

दुपारी अर्धी शाळा सुटल्यावर मी कुंडावर गेले. कार्तिकातलं लख्ख ऊन, पाण्यावर गंधकाच्या वासाची पुसट वाफ, आणि पायरीवर गुडघ्यापर्यंत पाय सोडून, डोळे मिटून बसलेल्या सासूबाई. शेजारी धुणं पिळणारी गावातली बाई म्हणत होती, "मावशे, कवाची बसलीस, घरा जायाचं न्हाय का?"

"आज घरी मुलगा आहे," त्या म्हणाल्या.

मी जवळ बसून पाण्यात पाय सोडले आणि धीर करून विचारलं, "आई, राजीनाम्याचं काय करायचं?"

त्यांनी एक डोळा किलकिला केला. "राजीनामा देऊन घरात बसलीस, तर मला इथं आणणार कोण? पुढच्या शनिवारी जरा लवकरची गाडी बघ."

आणि भिंतीला डोकं टेकून, त्या लख्ख उजेडात त्यांना खरोखरच झोप लागली. वरच्या रस्त्यानं भिवंडीची गाडी आली, थांबली, धूळ उडवत निघून गेली. मी त्यांना उठवलं नाही.