पडदेवाली आणि सासूबाईंची रमी

गिऱ्हाईक दुकानाच्या दारातच तावातावाने विचारत होतं, "कापड अजून आलंच नाही म्हणजे काय? पाहुणे यायचेत माझ्याकडे!" पडदेवालीला उत्तर ठाऊक होतं, पण ते सांगायचं कसं? कापडवाल्याचे पैसे सासूबाईंनी पुन्हा रमीत घालवले होते.

काहीतरी थातुरमातुर सांगून तिने गिऱ्हाईक वाटेला लावलं आणि मशीनवरून उठली. सासूबाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून एका जुन्या पडद्याची कड उसवत होत्या. दुकानाचे पैसे फोनवरून पाठवायचं काम त्यांच्याकडेच होतं. सुनेला शिवणकामातून डोकं वर काढायला फुरसत नसे, आणि घरचंच माणूस म्हणून तिने ते विश्वासाने सोपवलं होतं.

"आई, पैसे पाठवले होते ना?"

"पाठवणारच होते गं. सकाळी तर चांगली जिंकले होते."

"मग?"

"मग तेच परत लावले."

दूध उतू गेल्याचं सांगावं तितक्या सहज त्या बोलल्या. सुनेच्या अंगाचा तिळपापड झाला.

या बाईंनी सगळी हयात मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर म्हणून काढलेली. घाबरलेले, रडणारे, शिव्या देणारे, सगळे आधी त्यांच्या आवाजाशी बोलायचे आणि मग डॉक्टरांशी. निवृत्त झाल्या, पाठोपाठ सासरे गेले, आणि दिवसभर वाजणारा फोन एकदम मुका झाला. त्यात कुणीतरी त्यांच्या फोनवर रमीचं ॲप टाकून दिलं. आधी फुकटचे डाव, मग चिल्लर, मग पेन्शन, मग हातातल्या पाटल्या. पाटल्या मोडल्या तेव्हा "जड व्हायला लागल्या होत्या" असं सांगितलं त्यांनी, आणि घरच्यांनी ते खरंही मानलं!

पडदेवालीने काय करायचं बाकी ठेवलं होतं? ॲप काढून टाकलं, तर त्यांनी ते पुन्हा घेतलं. फोन काढून घेतला, तर शेजारणीचा मागून आणला. नातवंडांची शपथ घालून झाली, कानाला खडा लावून झाला. दर वेळी डोळ्यांत पाणी, दर वेळी "आता नाही हो", आणि आठवडा सरायच्या आत पुन्हा मान खाली आणि अंगठा फोनवर.

नवऱ्याची तऱ्हा आणखी वेगळी. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. बंद पडलेल्या लिफ्टमधून लोकांना बाहेर काढणारा हा माणूस आईपुढे मात्र शब्द काढत नसे. त्या दिवशी जेवताना तिने विषय काढला तर म्हणाला, "जाऊ दे ना, मी भरतो कापडवाल्याचे."

"म्हणजे याआधीही भरलेत तुम्ही?"

त्याने आमटीची वाटी पुढे ओढली.

"अहो, मी इकडे फोन लपवतेय आणि तुम्ही तिकडे पैसे पुरवताय? धन्य आहे!"

दुसऱ्या दिवशी तिने दुकानातूनच जुगार सोडवणाऱ्या मदत केंद्राला फोन लावला. आता तिकडून कुणीतरी सासूबाईंना चांगलं खडसावेल, अशी तिची अपेक्षा. पण पलीकडच्या समुपदेशक बाई भलत्याच शांत. आजार समजा, म्हणाल्या. हरलेले पैसे घरच्यांनी भरू नका, व्यवहार त्यांच्या हातात ठेवू नका, आणि त्या स्वतः बोलायला तयार असतील तर आम्ही आहोत.

"सगळं आम्हीच करायचं, तर तुम्ही कशाला?" पडदेवाली कडाडली.

"तुमची फार दमछाक झालेली दिसतेय," बाई म्हणाल्या.

एवढंच निमित्त झालं आणि पडदेवालीला रडू फुटलं. सासूबाई स्टुलावरून उठल्या, तिच्या हातातून फोन घेतला आणि ऑपरेटरच्या त्या जुन्या, स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "नमस्कार. बोला." पलीकडचं सगळं ऐकून घेतलं. आणि मग त्या आवाजातला सगळा कडकपणा गळून गेला. "जिंकायला खेळत नाही हो मी. खेळत असले की घर एवढं शांत आहे हे जाणवत नाही."

सून नाक पुसत ऐकत राहिली. हे आपल्याला कधी सांगितलं नाही म्हणून राग आला, आणि आपण कधी विचारलं नाही म्हणूनही.

त्यानंतर गोष्टी ठरल्या. सासूबाईंनी स्वतः ॲपवाल्यांना कळवून आपलं खातं कायमचं बंद करून घेतलं. दुकानाचे व्यवहार सुनेने घेतले. लेकाने एक पैसाही द्यायचा नाही, असं तिने त्याच्याकडून सर्वांसमक्ष कबूल करवून घेतलं. दर आठवड्याला वाचनालयाच्या वरच्या खोलीत जुगार सोडणाऱ्यांची बैठक भरायची, आणि शेजारच्या खोलीत त्यांच्या घरच्यांची. दोघी मिळून जायच्या आणि येताना भांडत यायच्या.

"तो पेंटर किती लांबण लावतो! आणि ती नर्स, नुसती मुळुमुळु रडते."

"आई, तुम्ही काय बोललात तिथे?"

"मी ऐकते. ऐकण्यातच जन्म गेलाय माझा."

सुनेने कपाळावर हात मारला.

मध्ये एकदा सासूबाईंचा पाय घसरलाच. शेजारणीकडून उसने घेऊन, तिच्याच फोनवर, तिच्याच नावाने खेळल्या. घरात कुणाला पत्ता नव्हता. बैठकीत मात्र आपण होऊन सांगितलं, आणि जिना उतरताना सुनेलाही सांगितलं.

"आधी त्या परक्या लोकांना आणि मग मला?" सून जिन्यातच थांबली.

"ते ओरडत नाहीत," सासूबाई म्हणाल्या.

पडदेवाली घरापर्यंत धुसफुसत गेली. शेजारणीचे पैसे तिने भरले नाहीत, नवऱ्यालाही भरू दिले नाहीत. सासूबाईंनीच ते फेडले, शेजारणीच्या घरभरच्या पडद्यांना कडा घालून. टाका इतका वाकडा की निम्म्या कडा सुनेला उसवून पुन्हा घालाव्या लागल्या.

त्यानंतर आजतागायत त्या खेळलेल्या नाहीत. सून अजूनही दुकानाचा फोन त्यांच्या हाती देत नाही, आणि त्या अजूनही त्यावरून रुसतात. "आज मन झालं होतं खेळायचं," असं मात्र कधीमधी भर गिऱ्हाइकासमोर सांगून मोकळ्या होतात. तेव्हा पडदेवाली मशीन थांबवते, मोठा सुस्कारा सोडते आणि म्हणते, "बरं, बोला. काय झालं?"