‘बघू’ म्हणजे नाही

“आवडत्या ठिकाणी गेला, भाग्यवान!” हे वाक्य पुन्हा कोणी माझ्यासमोर उच्चारलं तर त्याच्या तोंडावर दार लावणार आहे मी. माझा धाकटा भाऊ मंदार जपानमध्ये, होक्काइडोच्या डोंगरात, घसरून आलेल्या बर्फाखाली गाडला गेला. त्याला आता काही आठवडे झाले. फोन आला तेव्हा मी इथे परदेशात, नोव्हेनाच्या हॉस्पिटलमध्ये, लॅबमध्ये होते. हातात ग्लोव्हज, म्हणून स्पीकरवर घेतला... बोलणं मराठीत होतं, आजूबाजूला कोणाला कळलं नाही. त्यांना कळलं ते माझ्या चेहऱ्याकडे बघून.

मंदार इथेच, जुरोंग आयलंडवरच्या तेल-रसायनांच्या कारखान्यात सेफ्टी इंजिनिअर होता. टाकीतल्या गॅसची तपासणी मनासारखी नसेल तर ‘स्टॉप’ म्हणून काम बंद पाडायचा, समोर साहेब का असेना. विषुववृत्ताजवळ, बारा महिने घाम पुसणाऱ्या या गावात राहून ह्या गाढवाला स्कीइंगचं वेड कुठून लागलं, देव जाणे! तेही लिफ्ट आणि राखणदार असलेल्या उतारांवर नाही. त्यांच्या हद्दीपलीकडे, स्वतः चढायचं आणि स्वतःच्या जिवावर उतरायचं. मी कडाकडा भांडायचे. मग तो आमच्या सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर थराथरांचा लापिस केक पुढ्यात ओढायचा. “ताई, बर्फ म्हणजे एकसंध गोळा नसतो गं. थर असतात. वरचा कितीही छान दिसू दे, खालचा भुसभुशीत असला की सगळं घेऊन येतो.” म्हणून उतरण्याआधी खड्डा खणायचा, बर्फाचा खांब मोकळा करायचा, वर फावडं ठेवून टपल्या मारायच्या: आधी मनगटातून, मग कोपरातून, मग खांद्यातून. तो केकवर टपल्या मारायचा आणि माझी मुलगी ईरा तिच्या इथल्या इंग्रजीत ओरडायची, “मामा, जस्ट ईट लाह!”

“आणि मनगटालाच थर सुटला तर?” मी एकदा विचारलं होतं.

“तर शहाण्यासारखं मागे फिरायचं.”

सहल नेणारे सुहासदादा परवा भेटायला आले. वयाने मोठे, आम्हा दोघांनाही इथे आल्यापासून मायेने वागवणारे. डोळे पुसत सांगू लागले, “खड्डा त्यानेच खणला. मनगटाच्या टपल्यांनाच थर निसटला. मला म्हणाला, दादा, जरा बघू या का? मी म्हटलं, अरे, एवढ्या लांब आलोय, आता बघायचं काय, चल!”

बघू! स्थळ नाकारायचंय, बघू. बारशाला जायचं नाहीये, बघू. आपल्यात ‘बघू’ म्हणजे ‘नाही’, हे शेंबड्या पोरालाही कळतं. दादांना कळलं नाही? तेही मराठीच आहेत की! आणि हा शहाणा... इंग्रजीत साहेबाला ‘स्टॉप’ म्हणणारा, मराठीत दादांपुढे त्याची जीभ वळली नाही. भीड भिकेची बहीण, असं आई आम्हाला शिकवायची. आणि मोठ्यांना नाही म्हटलं की तीच आई डोळे वटारायची. मला तिचाही राग येतो, पण सगळ्यात जास्त मंदारचा येतो. त्याला माहीत होतं हो! माहीत असून गेला.

चहा संपवता संपवता दादा म्हणाले, “त्याचं फावडं देशील? पुढच्या हिवाळ्यात सगळे मिळून त्याच उतारावर नेऊ. त्याच्या नावाने उतरू.”

पुन्हा तोच उतार. समोर थकलेला, रडवेला, मोठा माणूस. माझ्या जिभेवर शब्द आलाच होता, “बघू...”

“नाही,” मी म्हटलं. “दादा, नाही देणार. आणि तुम्ही तिथे कोणाला नेऊही नका.”

कप खाली ठेवून ते उठून गेले.

मग मी इथल्या घराघरात असते त्या बॉम्ब शेल्टरच्या खोलीचं जाड दार उघडलं. इथे सगळेच त्यात अडगळ भरतात. आमच्याकडे तांदळाची पोती, बॅगा आणि आता त्याचं फावडं. पात्यावर मनगटातून एक टपली मारली. लहानपणापासून चिडले की त्याला ‘मेल्या’ म्हणायचे. तोंड उघडलं आणि तो शब्द बाजूला ठेवला.

अरे, ‘बघू’ला जेवढी अक्षरं, तेवढीच ‘नाही’ला होती रे.