शनिवारचा काळू

आमच्या शेल्टरचे किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते कुत्र्याच्या केसांसारखे लुगड्याला चिकटतात. कितीही झटका, घरी गेल्यावर दोन-चार निघतातच! मी बोलते, नात लिहिते, आणि लिहिताना माझ्या बोलण्याला जराशी इस्त्री मारते. मी म्हणते, मार बाई, पण दुसऱ्यांच्या बोलण्याला मारू नको.

शेल्टर म्हणजे अमरावतीहून नांदगाव पेठेकडं जाताना आत एक पत्र्याचं शेड आहे, ते. रस्त्यावरची जखमी, लोकांनी टाकलेली कुत्री तिथं येतात. जागा आहे त्याच्या दुप्पट कुत्री, कायम. सांभाळायला एक डॉक्टर मॅडम, अकोल्याच्या, वयानं माझ्या नातीएवढ्या. एक रफीकभाई, ते व्हॅन चालवतात आणि कुत्रीही पकडतात. आणि मी. मी खिचडी शिजवते.

किस्से पुष्कळ आहेत, पण आज काळूचे सांगते.

*

काळू एका कॉलनीतला, रस्त्यावरच वाढलेला. कॉलनीवाल्यांनी फोन करकरून मॅडमचं डोकं खाल्लं, "कुत्रे घेऊन जा!" रफीकभाईंनी नेले. नसबंदी झाली, रेबीजची सुई टोचली, कानाला खूण केली. मग जिथून उचलले तिथंच सोडायला निघाले. कायदाच तसा आहे. त्या दिवशी मीही व्हॅनमध्ये होते.

सगळी कॉलनी रस्त्यावर! एक बाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "नेले होते ना? मंग वापस कावून आनले?"

"ताई, ऑपरेशन झालं," रफीकभाई म्हणाले. "आता बेफिकीर रहा."

तेवढ्यात काळू भुंकला.

बाई अशा उखडल्या! "ऑपरेशन झालं म्हनता अन् हे तं अजून भुकूनच राहिलं! मंग तुमी काढलं काय?"

रफीकभाई चाकाची हवा पाहायला लागले.

*

महिना झाला नाही तर काळू परत आला. कोणाची तरी गाडी मागच्या पायावरून गेली होती. पाय काढावा लागला. तीन पायांचं कुत्रं रस्त्यावर सोडता येत नाही, आणि शेडात बाकीचे त्याला ताटाजवळ फिरकू देईनात. मी त्याला चुलीमागं बसवून खाऊ घालायची.

मॅडमनी त्याचे दात पाहिले, छातीला नळी लावली आणि म्हणाल्या, "आजी, म्हातारा आहे हा. पत्र्याखाली उन्हाळा नाही काढणार. मे लागायच्या आत याला घर पाहिजे."

आम्हीच का नेला नाही? मॅडम हॉस्टेलात राहतात. रफीकभाईंची भाड्याची एक खोली, घरमालक मांजरीलाही आत येऊ देत नाही. माझ्याकडं आधीच शेल्टरमधले दोन. मी सुनेजवळ तिसऱ्याचं नाव काढलं, तर ती म्हणाली, "आना ना आई, खुशाल आना. मंग तुमाले तिकडं सोडून येते, जागा होईन!"

*

मग मॅडमनी काळूचा फोटो मोबाईलवर टाकला. फोटोत नुसता काळा डाग आणि दोन डोळे.

तरी अकोल्याहून एक जोडपं आलं. आल्या आल्या नवऱ्यानं विचारलं, "कोन्त्या जातीचा हाय?"

रफीकभाई म्हणाले, "जात नाही सांगता येत साहेब, गल्ली सांगू शकतो."

बाई मात्र चांगली होती. खाली बसली, काळूनं तिच्या मांडीवर मान टाकली, आणि तिचे डोळेच भरले. मी मनात म्हटलं, जमलं! तिनं सासूला व्हिडिओ कॉल लावला आणि काळू दाखवला.

सासू फोनमधून ओरडली, "काळा? अन् लंगडा? घरात लग्न हाय, अन् तू अपशकुन उचलून आनतं? लग्न झाल्यावर पाहू!"

"आई, लग्न कधी हाय पन?"

"आधी पोरगी तं भेटू दे!"

बाईनं काळूची मान हळूच उचलून खाली ठेवली. जाताना दोनदा मागं वळून पाहिलं. काळू फाटकापर्यंत तिच्या मागं गेला, तीन पायांवर, टुणुक टुणुक.

*

त्याच आठवड्यात अचलपूरकडच्या एका साहेबांनी हस्की आणला. बर्फातलं कुत्रं आणि आपल्या वऱ्हाडात! झुपकेदार केस, निळे डोळे, आणि धापा टाकून टाकून जीभ जमिनीला टेकलेली. गाडीच्या मागच्या बाजूला भला मोठा कूलर बांधलेला होता.

साहेब म्हणाले, "याच्यासाठीच घेतला होता हो कूलर. आता नाही जमत."

आम्ही तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. मला तर त्या कूलरसमोर पाय पसरून झोपलेला काळू दिसायला लागला! रफीकभाईंनी पटकन जागा झाडली आणि दोरी सोडायला गाडीवर चढले.

साहेब खालून म्हणाले, "ओ भाऊ, तिकडं कुठं? कुत्रा हा इकडं हाय."

"कूलर उतरवतो ना साहेब."

"कूलर कावून? कूलर तं दुरुस्तीले नेऊन राहिलो!"

*

आता शनिवार. शनिवारी काळ्या कुत्र्याला तेलाची पोळी घातली की साडेसाती हलकी होते म्हणतात. आमच्याकडं काळा एकटाच. त्यामुळं इतर दिवशी ज्याच्याकडं कोणी पाहत नव्हतं, त्याच्यापुढं शनिवारी रांग! सोन्याच्या अंगठ्या घातलेले हात त्याच्यापुढं जोडलेले. रविवारी बिचाऱ्याचं पोट बिघडायचं. मॅडमनी पाटी लावली, तेलाची पोळी घालू नये. लोकांनी पाटीच्या खिळ्याला पिशव्या अडकवल्या.

त्या रांगेत एक वानखडेभाऊ. रिटायर झालेले, मोकळं घर, अंगणात कडुनिंबाची सावली. माणूस मायाळू. बाकीचे पोळी फेकून पळायचे, हे खाली बसून एकेक घास हातानं भरवायचे, त्याच्या कानात काहीतरी बोलायचे. मॅडमनी सांगितल्यावर ते तेलही फक्त बोटभर लावायला लागले. शुक्रवारपासून काळू फाटकाकडं तोंड करून बसायचा.

एप्रिल संपत आला तेव्हा मॅडम त्यांना म्हणाल्या, "काका, तुमचा इतका जीव आहे त्याच्यावर. घरीच न्या ना. इथं ऊन झेपणार नाही त्याला."

वानखडेभाऊ पुष्कळ वेळ काळूला खाजवत राहिले. मग म्हणाले, "म्या बी इचार केला होता. पन घरी नेला म्हंजे तो घरचा झाला. घरच्याले खाऊ घातलेलं धरत नाहीत ना!"

"कोण धरत नाही?" मॅडमनी विचारलं.

त्यांनी बोट वर केलं.

*

मे लागला. आम्ही पत्र्यावर पोती ओली करून टाकायचो, ती पाण्याची बादली ठेवून येईपर्यंत वाळायची. काळू चुलीमागून उठेना, म्हणून मी चूलच बाहेर नेली. एका शुक्रवारी दुपारी त्यानं माझ्या हातचं पाणी प्यायलं, मान खाली ठेवली आणि गेला.

शनिवारी सकाळी रफीकभाई मागच्या बोरीखाली खड्डा खणत होते. वानखडेभाऊ डबा घेऊन आले. कोणी काही सांगायच्या आधीच त्यांना चादर दिसली. चपला काढून ते खड्ड्यापाशी आले, खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. खोटं नाही सांगत. रफीकभाईंनी फावडं बाजूला ठेवून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मॅडम मात्र तोंड फिरवून उभ्या राहिल्या.

माती लोटून झाली. वानखडेभाऊंनी उपरण्यानं डोळे पुसले, माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले,

"आजी, तुमी जुन्या मानूस. सांगा बरं, आमाले याचं सुतक धरा लागंल का?"